दोन विहिरी आणि गळाची दोरी

लायनसनं नाक चिमटीत धरलं आणि काठावरून धप्पकन उडी मारली. गुरांना पाणी पाजायची ती गोल पत्र्याची टाकी चौघांना मुळातच अपुरी होती. त्यात लायनस पडल्यावर पाण्याची जी लाट उठली, ती थेट मारिबेलच्या नुकत्याच सुकलेल्या केसांवरून पलीकडे गेली.

"पुन्हा उडी मारलीस, तर तुला त्या काळ्या गाईच्या पाठीवर बसवून घरी पाठवीन," मारिबेल म्हणाली.

"पाठव की. हॅटीच्या सायकलपेक्षा गाय बरी," लायनस म्हणाला आणि बहिणीनं, मारिबेलनं, उडवलेलं पाणी चुकवायला बुडी मारून बसला.

खरं तर जुलैच्या अशा टळटळीत दुपारी ही मंडळी गुरांच्या टाकीत नव्हे, गावच्या तलावात असायची. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे पोहण्याचा तलाव, हे लिपोवा गावातल्या प्रत्येक पोराला पाठ होतं. पण यंदा तलाव कोरडा ठणठणीत पडला होता आणि फाटकाला साखळी होती. गावच्या विहिरीचं, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या पाइपाच्या बंद विहिरीचं, पाणी गेलं होतं. घरातल्या नळांना संध्याकाळी करंगळीएवढी धार यायची. बागांना पाणी घालायला गल्लीगल्लीच्या पाळ्या लावल्या होत्या, आणि हॅटीच्या आईचे टोमॅटो पाळी यायच्या आतच माना टाकत होते.

हे पाणी कोणी पळवलं, याबद्दल हॅटीच्या आजोबांना काडीचीही शंका नव्हती. ऑगस्ट क्रेचेक म्हणजे गावसमितीचे अध्यक्ष. त्यांच्या मते सगळा दोष मिलो डोबेशचा. मिलो डोबेश म्हणजे रीसचे वडील, आणि रीस या क्षणी हॅटीच्या शेजारी टाकीत हनुवटीपर्यंत बुडून बसला होता. मिलोकाकांनी विहिरीजवळची गावच्या मालकीची जमीन कसायला घेतली होती. तिथे त्यांचा मका होता आणि मक्यावर जमिनीखालचं पाणी उपसणारा चाकांचा तो लांबलचक फवारा रात्रंदिवस गोल फिरत होता. येत्या सोमवारी समितीची बैठक होती. हात वर झाले की फवारा बंद. आणि मक्याला नेमके आत्ताच तुरे फुटत होते. आत्ता पाणी तुटलं, तर कणसात दाणा भरणार नव्हता.

एक काळ असा होता की आजोबा आणि मिलोकाका दर गुरुवारी मारिबेलच्या आईच्या कॅफेत कोपऱ्यातल्या टेबलावर पत्ते कुटत बसायचे. आता एक जण येताना दिसला की दुसरा रस्ता ओलांडून पलीकडे जात होता. रीसनं तर हॅटीच्या घरी येणंच सोडलं होतं. कोणी त्याला येऊ नको म्हटलं नव्हतं, पण आजोबा समोर असले की त्याच्या घशातून आवाज फुटत नसे.

टाकीच्या वर पवनचक्की करकरत फिरत होती. तिच्याखालच्या विहिरीतून आलेल्या पाइपातून पाण्याची बोटभर धार अखंड पडत होती. टाकी केव्हाच भरली होती आणि जास्तीचं पाणी एका बाजूनं ओघळून खाली चिखल झाला होता. त्या चिखलात दोन गाई निवांत उभ्या होत्या. हॅटी बराच वेळ ती धार बघत राहिली.

"रीस, ही विहीर किती खोल आहे?" तिनं विचारलं.

रीसला ते नीट माहीत होतं, कारण वसंतात त्यानं आणि त्याच्या वडिलांनी तिच्यातल्या सळया बाहेर काढून दुरुस्त केल्या होत्या. विहीर फारशी खोल नव्हती. गावची विहीर तिच्या निदान तिप्पट तरी खोल असेल, असं त्याचे बाबा म्हणायचे.

"मग आधी कोरडी कुठली पडायला हवी?"

 लायनसनं पाण्यातून डोकं वर काढलं. "एका ग्लासात एक लांब स्ट्रॉ घातली आणि एक आखूड," तो म्हणाला, "तर सुर्रर आवाज आखूडवाली आधी करते. मी शंभर वेळा केलंय."

"तू काहीतरी शहाण्यासारखं बोललास," मारिबेल म्हणाली. "तब्येत बरी आहे ना?"

पण हॅटी हसली नाही. टाकीतून बाहेर येऊन ती पवनचक्कीखाली उभी राहिली. तिथून गावच्या विहिरीचं पंपघर स्पष्ट दिसत होतं. मध्ये फक्त एक कुंपण होतं आणि सपाट कुरण. एकाच जमिनीखालचं पाणी, मग उथळ विहीर भरलेली आणि खोल विहीर कोरडी, असं कसं?

रात्री जेवताना तिनं हाच प्रश्न आजोबांना विचारला. आजोबांनी बटाट्याचा तुकडा काट्यावर तसाच धरून तिच्याकडे पाहिलं. मिलोच्या कुरणातली विहीर भरलेली आहे म्हणजे पाणी तिकडेच गेलं, याहून मोठा पुरावा काय हवा, असं ते म्हणाले. हॅटीनं स्ट्रॉचं उदाहरण दिलं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर स्ट्रॉची चर्चा नको म्हणून त्यांनी विषयच मिटवला. आईनं हॅटीच्या ताटात आणखी एक कोलाचे, छोट्या गोड पावासारखं, ठेवलं. खसखस भरलेलं. हॅटीला धीर आला.

दुसऱ्या दिवशी चौघं मिस्टर प्रिबिल यांना गाठायला गेले. गावचा पाणीपुरवठा मिस्टर प्रिबिल बघत. माणूस मोठा मनमोकळा, पण त्यांचं अर्धं चित्त कायम नदीवर असायचं. त्यांच्या गाडीत पान्ह्यांपेक्षा गळच जास्त होते. पंप गुडगुडतो, हवा ओढतो, म्हणून ते त्याला सारखं चालू-बंद करत, एवढं त्यांनी सांगितलं. पण विहिरीत पाणी नेमकं किती खाली गेलंय, हे विचारल्यावर त्यांनी डोकं खाजवलं. ते मोजायला विहिरीच्या तोंडावर एक छोटं भोक होतं खरं, पण त्याचं झाकण गंजून घट्ट बसलं होतं, आणि वरून रंगाचे थर. कशाला उगाच त्याच्या नादी लागायचं? पाणी नाही म्हणजे नाही.

"यांनी कधी आत बघितलेलंच नाही," परत येताना हॅटी म्हणाली. "सगळं गाव भांडतंय आणि आत कोणी बघितलेलंच नाही."

"मग आपण बघू," रीस म्हणाला. कितीतरी दिवसांत त्याचा आवाज असा खणखणीत निघाला नव्हता.

सुरुवात पवनचक्कीच्या विहिरीपासून झाली. मिलोकाकांनी परवानगी दिली, पण दोन अटींवर. आत काही पडता कामा नये आणि जे काही आत सोडाल ते आधी ब्लीचच्या पाण्यात बुडवून काढायचं. विहीर गुरांची असली म्हणून काय झालं, खालचं पाणी सगळ्यांचंच, असं ते म्हणाले. रीसनं दोरीच्या टोकाला एक छोटी धातूची वाटी उपडी बांधली. दोरी आत सोडत गेलं आणि वाटी पाण्याला टेकली की "डुब्ब" असा आवाज वर येई. लायनसचे कान सगळ्यांत तिखट, म्हणून तो पालथा पडून ऐकत होता. डुब्ब झाल्याबरोबर त्यानं हात वर केला आणि मारिबेलनं दोरीला विहिरीच्या तोंडाशी लाल लोकरीची गाठ मारली.

आता उरली गावची विहीर. तिच्या झाकणाला हात लावायचा अधिकार फक्त मिस्टर प्रिबिल यांना होता, आणि त्यांना तर हलायचंच नव्हतं. यावर उपाय मारिबेलला सुचला.

मिस्टर प्रिबिल रोज सकाळी तिच्या आईच्या कॅफेत बसत. मारिबेलची आई, मिसेस आयाला, या गावात आल्यावर म्हाताऱ्या बायकांकडून कोलाचे शिकली होती. आता ती त्यात अननस आणि हिरवी मिरचीही भरायची. म्हाताऱ्या नाकं मुरडायच्या आणि दोन-दोन खायच्या. त्या सकाळी मारिबेल आणि हॅटी मिस्टर प्रिबिलांच्या शेजारच्याच टेबलावर बसल्या, आणि मारिबेल जरा मोठ्यानंच बोलू लागली. बिचाऱ्या मिस्टर प्रिबिलांचा काय दोष? ते झाकण काही माणसाला उघडण्यासारखं नाहीच. मिलोकाका म्हणत होते, जिल्ह्याच्या गावाहून कोणी दणकट माणूस बोलवावा लागेल.

मिस्टर प्रिबिलांचा कप वाटेतच थांबला. "मिलो असं म्हणाला?"

"नाही म्हणजे, तुमच्या वयाला..." मारिबेलनं वाक्य सोडून दिलं आणि बशीतले चुरे गोळा करू लागली.

कॉफी तशीच टाकून मिस्टर प्रिबिल उठले. पंपघराशी जाऊन त्यांनी गाडीतला सगळ्यांत मोठा पान्हा काढला, बाह्या सरसावल्या आणि झाकणाला भिडले. रंगाचे पापुद्रे उडाले. मानेच्या शिरा फुगल्या. शेवटी झाकण किंचाळल्यासारखा आवाज करून फिरलं, आणि त्यांनी ते पदक मिळाल्यासारखं उंच धरून पोरांना दाखवलं.

पोरांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मग हॅटी त्या भोकाकडे बघत म्हणाली, की आता पाणी किती खोल आहे ते मोजता आलं असतं, पण एवढी लांब दोरी कोणाकडे असणार?

मिस्टर प्रिबिलांनी गाडीतून सर्वांत मोठा गळ आणला. रिळावर भक्कम जाड दोरी गुंडाळलेली होती. तेवढ्यात त्यांची नजर पंपघराच्या सावलीत ठेवलेल्या बादलीवर गेली. बादलीत ब्लीचचं पाणी होतं आणि शेजारी एक धातूची वाटी.

"तुम्ही हे सगळं आधी ठरवून आला होता," ते म्हणाले.

"हो," लायनस म्हणाला. त्याचं तोंड दाबायला हॅटीला जरा उशीरच झाला.

मिस्टर प्रिबिल पोट धरून हसत सुटले. हसून झाल्यावर त्यांनी स्वतःच गळाची दोरी बादलीत बुडवली. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर त्यांच्याइतका उत्साह कोणालाच नव्हता.

पंप बंदच होता. दोरी खाली गेली, डुब्ब झालं, मारिबेलनं लोकर बांधली. मग मिस्टर प्रिबिलांनी पंप चालू केला आणि सगळे थांबले. थोड्याच वेळात आतून गुडगुड सुरू झाली. पुन्हा दोरी सोडली. ती पहिली गाठ ओलांडून खाली गेली आणि जातच राहिली. रीळ जवळजवळ संपायला आलं, तेव्हा कुठे लायनसचा हात वर झाला. त्याच वेळी तिकडे पवनचक्कीपाशी रीस आपल्या दोरीनं पुन्हा मोजत होता. तिथलं पाणी तसूभरही हललं नव्हतं.

दोन्ही दोऱ्या त्यांनी मुख्य रस्त्याच्या कडेनं पसरल्या. टपाल कचेरीच्या पायरीपासून सुरुवात केली. पवनचक्कीची दोरी कॅफेच्या दारापर्यंत आली. गावच्या विहिरीची, पंप बंद असतानाची गाठही बरोबर कॅफेच्या दाराशीच आली. फरक असलाच तर वीतभर. पण पंप चालू असतानाची गाठ कॅफे सोडून, न्हाव्याचं दुकान सोडून, थेट चर्चच्या पायऱ्यांशी जाऊन पडली. कॅफेतले लोक बाहेर आले. न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला घेऊन बाहेर आला.

"म्हणजे पाणी आहे," हॅटी सावकाश म्हणाली. जसजसं सुचत होतं तसतसं ती बोलत होती. "दोन्हीकडे सारखंच आहे. पण पंप ओढायला लागला की आपल्या विहिरीत बाहेरून पाणी येतच नाही. बाहेर पाणी उभं आहे आणि आत यायला त्याला वाट नाही."

मिस्टर प्रिबिल आता पुरते गंभीर झाले होते. विहिरीच्या तळाशी पाइपाला गाळणीसारख्या बारीक फटी असतात, त्यातून पाणी आत येतं, असं त्यांनी सांगितलं. पण लोखंडी पाइपाच्या फटी बंद कशानं होतील, हे त्यांनाही सांगता येईना.

ते हॅटीला त्याच संध्याकाळी कळलं, आणि तेही न्हाणीघरात. आईनं शॉवरच्या तोटीला व्हिनेगर भरलेली पिशवी बांधून ठेवली होती. पिशवीत बारीक बुडबुडे उठत होते. लिपोव्याचं पाणी जड. भांड्यांवर, किटलीत, तोटीत पांढरा थर धरायचा. आई दर काही महिन्यांनी हा उद्योग करायची आणि हॅटीनं तो जन्मापासून पाहिला होता. पण आज ती तिथेच उभी राहिली.

"आई, हे केलंच नाही तर?"

"तर भोकं बुजतील," आई टॉवेलाची घडी करत म्हणाली. "आणि मग एक दिवस आपण म्हणू, पाणी गेलं."

हॅटी पायांत चपला न घालताच बाहेर पळाली.

पंपघरामागे गवतात विहिरीतून कधीतरी काढलेल्या जुन्या पाइपाचा तुकडा पडला होता. रीसनं चाकूनं त्याच्या आतली पांढरी-तांबूस खरपुडी खरवडली. जॅमच्या बाटलीत व्हिनेगर ओतून तिच्यात तो खडा टाकला. चौघांची डोकी एकमेकांना टेकली होती. आधी काहीच झालं नाही. मग खड्याभोवती बुडबुड्यांची माळ उठली, आणि बाटली सोड्यासारखी फसफसू लागली.

"आपल्या विहिरीला आंघोळ घालायला हवी," लायनस म्हणाला. यावर कोणालाच त्याची चेष्टा करावीशी वाटली नाही.

सोमवारी संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. मिलोकाका हातात टोपी धरून मागच्या भिंतीला टेकून उभे होते. शेजारी रीस. आजोबांनी हातोडी आपटून बैठक सुरू केली आणि बोलायचंय असं कोणी आहे का म्हणून विचारलं. हॅटी उठली तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. नात असली तरी तिला इतरांपेक्षा जास्त वेळ मिळणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

 रात्रभर पाठ केलेलं भाषण हॅटी पार विसरली होती. म्हणून ती फक्त एवढंच म्हणाली, "आजोबा, सगळ्यांनी जरा बाहेर रस्त्यावर याल का? एक दाखवायचंय."

दोऱ्या पुन्हा अंथरलेल्या होत्या. आजोबांनी जन्मभर सुतारकाम केलं होतं. स्वतःच्या हातानं मापल्याशिवाय त्यांनी कधी लाकडाला करवत लावली नव्हती. ते टपाल कचेरीपाशी वाकले आणि दोरी बोटांमधून सरकवत चालू लागले. सगळं गाव त्यांच्यामागून चालत होतं. कॅफेच्या दाराशी ते थांबले. दोन्ही गाठी त्यांनी शेजारी-शेजारी धरून पाहिल्या. मग एकटीच राहिलेली दोरी धरून ते चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेले. तिथे लायनस जॅमची बाटली घेऊन बसला होता. पाइपातला खडा त्यानं आजोबांच्या देखत व्हिनेगरमध्ये टाकला.

बाटली फसफसून थांबेपर्यंत आजोबा तिच्यावर वाकून बघत होते. मग त्यांनी मिस्टर प्रिबिलांना विचारलं, विहिरीचं ते झाकण शेवटचं कधी उघडलं होतं.

"माझ्या कारकिर्दीत तरी नाही," मिस्टर प्रिबिल कानापर्यंत लाल होत म्हणाले. "मी आलो तेव्हाच त्याच्यावर रंग चढवलेला होता. मला वाटलं, उघडायचं नसेल."

आजोबा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "तो रंग मी दिला होता," ते म्हणाले. "गावाच्या शंभरीला. पंपघर छान दिसावं म्हणून."

कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच हसले. आजोबा हसले नाहीत, पण त्यांनी तिथेच, चर्चच्या पायरीवर, जाहीर केलं की विहिरीत आत बघितल्याशिवाय कोणाचंही पाणी तोडलं जाणार नाही. मागे उभ्या असलेल्या मिलोकाकांनी टोपी घातली आणि ते सरळ घरी निघून गेले.

विहिरी साफ करणारी बाई, डार्ला वोसिका, जिल्ह्याच्या गावाहून आपला उंच मनोऱ्याचा ट्रक घेऊन आली. तिनं पंप आणि त्याचे पाइप एकेक करून वर काढले आणि तारेला बांधलेला कॅमेरा विहिरीत सोडला. ट्रकच्या मागच्या फळीवर छोटा पडदा होता. त्याच्याभोवती एवढी गर्दी झाली की शेवटी पोरांना पुढे आणि मोठ्यांना मागे उभं करावं लागलं. आधी नुसता करडा पाइप दिसत होता. मग पाणी. मग कॅमेरा तळाकडे गेला, आणि गाळणीच्या जागी पडद्यावर दिसली ती जणू फुलकोबीची बागच. पांढरे, पिवळट, तांबूस गड्डे एकमेकांना चिकटून बसलेले. फट म्हणून कुठे दिसत नव्हती.

"ही विहीर श्वास कशी घेत होती, हेच नवल," डार्ला म्हणाली.

मग काम सुरू झालं. आधी तारांचा भलामोठा ब्रश विहिरीत वर-खाली फिरवला. नंतर तिनं रबरी हातमोजे आणि चष्मा चढवला, सगळ्यांना दोरीपलीकडे पिटाळलं आणि आम्ल आत सोडलं. व्हिनेगरचाच मोठा भाऊ, पण भारी तापट, असं तिनं लायनसला समजावलं, त्यामुळे जवळ यायचं नाही. मग मोरी तुंबल्यावर रबरी दट्ट्यानं जसं दाबतात-ओढतात, तसा एक जाड दट्ट्या विहिरीत तास न् तास वर-खाली होत राहिला.

संध्याकाळी तिनं चाचणीचा पंप लावून पाहिला. थोडं गढूळ पाणी आलं, आणि पुन्हा तीच गुडगुड.

गर्दी हळूहळू पांगली. जाता जाता कोणीतरी म्हणालं, पोरांचा खेळ झाला, बाकी काय. रीस कुंपणावर बसून मक्याकडे बघत होता. समिती पुन्हा बसली तर यावेळी दोऱ्या दाखवून काही भागणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. हॅटी त्याच्या शेजारी जाऊन बसली.  मारिबेलनं दोघांच्या मध्ये मिरचीच्या कोलाच्यांची पिशवी ठेवली.

डार्ला मात्र मुळीच नाउमेद झालेली नव्हती. इतक्या वर्षांचा थर एका धुण्यात निघेल, असं तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, ती म्हणाली. तिनं आणखी आम्ल सोडलं, विहीर रात्रभर भिजत ठेवली आणि सकाळी दट्ट्या पुन्हा सुरू केला. दुपारी तिनं खोल आत हवेची नळी सोडून जोरानं हवा भरली. जमिनीखालून घरघर ऐकू आली. मग पाइपाच्या तोंडातून गढूळ पांढरं पाणी असं उसळलं, की दोरीपलीकडची माणसंसुद्धा दोन पावलं मागे सरकली. पाण्याबरोबर खरपुडीचे तुकडे डार्लाच्या ट्रकशेजारी ठेवलेल्या मोठ्या टाकीत ताडताड पडत होते. कुजक्या अंड्यांचा वास सुटला. लायनसला तो इतका आवडला की मारिबेल त्याच्यापासून लांब जाऊन उभी राहिली. आम्लाचं ते पाणी डार्लानं टाकीत सोडा कालवून शमवलं आणि मगच सोडून दिलं. पाणी आधी दुधासारखं होतं, मग ताकासारखं, मग आलं ते काचेसारखं.

आता खरी परीक्षा होती. पंप पूर्ण जोरात चालू केला. कितीतरी वेळ तो चालत राहिला, एका लयीत, न अडखळता. मिस्टर प्रिबिलांनी आपला गळ धुऊन आणला आणि तो हॅटीच्या हातात दिला.

हॅटीनं दोरी सोडली. लायनस कान लावून पालथा पडला होता. लोकरीची पहिली गाठ भोकातून आत गेली, आणि अजून हातभरही दोरी सोडून झाली नसेल, तोच लायनसचा हात वर गेला. हॅटीला खरं वाटेना. तिनं वाटी थोडी वर ओढून पुन्हा सोडली. यावेळी डुब्ब सगळ्यांनाच ऐकू आलं.

रीसनं डोळे पुसले आणि धूळ गेली असं उगाच सांगितलं.

त्या संध्याकाळी आजोबा एकटेच मिलोकाकांच्या शेताकडे निघाले. हॅटी कुंपणापर्यंत त्यांच्याबरोबर गेली. पुढे येऊ नको असं त्यांनी सांगितलं नाही, पण ती आपणहून थांबली. मिलोकाका बांधावर उभे होते. फवारा दूरवर फिरत होता आणि तुऱ्यांवरून पाणी निथळत होतं.

"मिलो, मी चुकलो," आजोबा म्हणाले. "सगळ्या गावासमोर तुला चोर म्हटलं. माफी मागायला आलोय."

मिलोकाकांनी टोपी मागे सारली. मग ते म्हणाले, "ऑगी, चोर म्हटलंस त्याचं फार वाईट वाटलं नाही. पण इतके गुरुवार मला माझ्या मेव्हण्याबरोबर पत्ते खेळावे लागले, ते मात्र मी विसरणार नाही. त्याला साधं मोजता येत नाही रे."

यानंतर दोघं काय बोलले ते हॅटीला ऐकू आलं नाही, पण आजोबांचे खांदे हसण्यानं हलत होते.

विहिरीचं पाणी तपासून आलं, चांगलं निघालं आणि तलावाच्या फाटकाची साखळी सुटली. मिस्टर प्रिबिलांनी चौघांना एक खास मुभा दिली. तलाव भरत असताना त्यांनी आत बसायचं. गावात आजवर हा मान कोणाला मिळाला नव्हता. कोरड्या निळ्या तळावर चौघं मांडी घालून बसली. पाइपातून पाणी फुटलं, फरशीवरून पसरत आलं आणि त्यांच्या पायांना लागलं. इतकं गार, की मारिबेल किंचाळली.

काठावर निम्मं गाव जमलं होतं. आजोबांनी घसा साफ केला. गावसमितीनं ठरवलंय, ते म्हणाले, की यापुढे दर महिन्याला विहिरीचं पाणी मोजलं जाईल. मिस्टर प्रिबिल झाकण उघडतील आणि दोरी हॅटी, रीस, मारिबेल आणि लायनस सोडतील. मग त्यांचा आवाज जरा बदलला.

"आम्ही मोठी माणसं एकमेकांकडे बोट दाखवत बसलो," ते म्हणाले. "या पोरांनी आत वाकून बघितलं. मला यांचा अभिमान वाटतो."

टाळ्या थांबल्यावर लायनसनं विचारलं, की एवढाच अभिमान वाटत असेल तर तुम्ही बाहेर का उभे?

आजोबांनी मिलोकाकांकडे पाहिलं. मिलोकाकांनी खांदे उडवले. मग दोघांनी काठावर बसून बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडल्या आणि एकमेकांच्या खांद्याचा आधार घेत शिडीवरून खाली उतरले. पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं. आजोबांच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की काठावरच्या सगळ्या बायका हसू लागल्या.

आणि तेवढ्यात लायनसनं नाक चिमटीत धरलं.